माजी सैनिकाची जखम कुणाच्या खात्यात?



सैनिकाच्या जखमेची गोष्ट आपल्याकडे रणांगणावर सुरू होते आणि बहुतेक वेळा पदकापाशी थांबते. १९७१ च्या युद्धात मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. जवळ ना मॉर्फिन होतं, ना सर्जन. त्यांनी आपल्याच खुकरीने तो पाय तोडला, आणि पुढे कृत्रिम पायावर उभं राहून बटालियनचं नेतृत्व केलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले; १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट आला. या दोघांपुढे मान आपोआप झुकते.

आज मात्र बोलायचं आहे ते ज्यांच्यावर चित्रपट निघणार नाही अशा माणसांविषयी, आणि ज्या जखमेला कुणी पदक देत नाही अशा जखमेविषयी. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेविषयी.

एखाद्या गावातला निवृत्त हवालदार डोळ्यांसमोर आणा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे त्याला सगळे ‘मेजर’च म्हणतात, हुद्दा काहीही असो. वय पासष्टच्या पुढे. फौजेतून सुटल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहण्याची नोकरी केली, आता थोडी शेती बघतो. मधुमेह जुना आहे. उजव्या अंगठ्याच्या खाली, तळपायाला, रुपयाएवढी जखम आहे. दुखत नाही, म्हणून कुणाला तिची घाई नाही. रोज सकाळी सूनबाई पाटावर बसते आणि म्हणते, “आबा, पाय जरा वर घ्या.” कालचं कोरडं गॉज जखमेला घट्ट चिकटलेलं असतं. ती ते ओढून काढते, त्याबरोबर रात्रीत धरलेली नवी कोवळी लाल कातडीही निघून येते. आबांना काही कळत नाही, कारण पायातली संवेदनाच गेलेली आहे. मग हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात. पांढरा फेस येतो. घाण निघाली असं सगळ्यांना समाधान वाटतं. खरं तर त्या फेसात भरून येऊ पाहणाऱ्या पेशीही मरतात. पट्टी बांधून होते, आबा चप्पल घालतात आणि त्याच अंगठ्यावर भार देत रानाकडे निघतात.

ही जखम भरायची कशी?

यात सूनबाईचा दोष काय? तिला जे कुणीतरी दाखवलं ते ती मनापासून करते आहे. आबांचा दोष काय? न दुखणाऱ्या पायाची काळजी घ्यायला त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. मग ही जखम कुणाच्या खात्यात? सर्जनच्या दृष्टीने ती शस्त्रक्रियेइतकी मोठी नाही. मधुमेहाचे डॉक्टर साखरेचा आकडा बघतात, पायातला मोजा उतरवायला वेळ नसतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात, हाडाला लागेल तेव्हा या. दवाखान्यातली परिचारिका पट्टी बदलते आणि पुढची तारीख देते. प्रत्येकजण आपलं काम करतो, आणि जखम मात्र तशीच राहते. ती सर्वांच्या खात्यात येते तेव्हा खूप उशीर झालेला असतो. तेव्हा पाय कापायचा असतो.

कुणी विचारेल, आणि विचारावंच, की मधुमेहाच्या जखमा तर सगळ्यांनाच होतात, त्यात सैनिकाचं वेगळं काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आढळलं. म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसं. जगभरचा अनुभव असा की, मधुमेह झालेल्या माणसाला आयुष्यात कधी तरी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते. हे ओझं सगळ्या समाजाचं आहे, खरं आहे.

पण जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. निवृत्तीनंतरची तीस-चाळीस वर्षं तो ज्या शरीराने काढतो, ते शरीर देशाने वापरून घेतलेलं असतं. बुटातल्या मैलोन्मैल चाली, बर्फात गारठलेली बोटं, गुडघ्यात राहिलेला छर्रा. १९८४ पासून सियाचीनवर आपलं सैन्य उभं आहे. हिमदंशाने बोटं गमावलेले कितीतरी जवान आज साठीला आले आहेत. १९७१ मध्ये विशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेले. कारगिलमध्ये जखमी झालेले तरुण पन्नाशीकडे किंवा पलीकडे पोचले. जुनी इजा आणि नवा मधुमेह एकाच पायात येऊन भेटण्याचं हेच वय आहे. आणि या माणसाला सरकारने शब्द दिलेला आहे. तुझ्या आजारपणाची काळजी आम्ही घेऊ, असा शब्द. तो शब्द पाळला जातो का, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे आणि त्याच्या वतीने आपल्यालाही आहे.

आता वैद्यकाकडे वळू. जखम भरणं ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. ती भरत नसेल तर तिला काहीतरी अडवतं आहे, आणि ते अडवणारं कारण बहुधा मलमाने दूर होत नाही. गंमत अशी नाही की ही गोष्ट नव्याने सापडली आहे. दुःख असं आहे की ती पाऊणशे वर्षांपूर्वी सापडली, आणि सापडली तीही बव्हंशी जखमी सैनिकांच्या खाटांपाशी.

१९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे कण्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी एक विभाग सुरू झाला. प्रमुख होते लुडविग गुटमान, नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. तोवर कमरेखाली लुळा पडलेला सैनिक काही महिन्यांचा सोबती मानला जाई. तो मरायचा कशाने? कण्याच्या जखमेने नव्हे. तो मरायचा लघवीच्या संसर्गाने आणि पाठीच्या, बुडाच्या सडलेल्या जखमांनी, ज्यांना आपण अंथरुणाच्या जखमा म्हणतो.

ही जखम होते कशी? आपण सगळे या खुर्च्यांवर बसल्यापासून प्रत्येकाने न कळत कितीतरी वेळा बैठक बदलली असेल. टोचलं की आपण हलतो. ज्याला टोचलेलं कळतच नाही, तो हलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, रक्त थांबतं, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. आधी हाडाजवळचं मरतं, कातडी शेवटी फुटते. म्हणून ती वारुळासारखी असते: वर लहानसं भोक, आत सगळं पोकळ. गुटमान यांनी कुठलं नवं औषध शोधलं नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, असा दंडक त्यांनी घातला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात येत. माणसं जगू लागली. जगलेल्या माणसांना काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी खेळ सुरू केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, सोळा जखमी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीवर बसून तिरंदाजी केली. आजचं पॅरालिम्पिक तिथून आलं. पेटकरांच्या हायडेलबर्गच्या सुवर्णपदकाची वाट अशी रात्रपाळीतल्या कूस बदलण्यापासून निघालेली आहे.

दुसरं उदाहरण सैबेरियातल्या कुर्गानचं. तिथले गावरिल इलिझारोव्ह यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक येत. पायाची हाडं वर्षानुवर्षं न जुळलेली, आणि मांडीवर-नडगीवर एखादं छिद्र, त्यातून सतत पू. इलिझारोव्ह यांनी हाडाभोवती लोखंडी कडी आणि तारा बसवण्याची पद्धत १९५० च्या दशकात रुळवली. मेलेलं हाड काढून टाकायचं आणि उरलेलं जिवंत हाड रोज सुमारे एक मिलिमीटर या बेताने हळूहळू ओढत नवं वाढवायचं. आज कोणत्याही मोठ्या शहरात हाडांच्या डॉक्टरकडे ही कडी दिसतात. यातून शिकायचं ते एवढंच की हाडात मेलेला तुकडा असेपर्यंत वरचं छिद्र बुजणार नाही. सुरुंगाच्या स्फोटात माती, गवत, बुटाचे तुकडे पायातून वर मांसात घुसतात. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये सीमेवर सुरुंग पेरताना आणि काढताना आपल्या कितीतरी जवानांनी पाय गमावले. अशा जखमा कित्येक वर्षांनी पुन्हा तोंड उघडतात. मग प्रतिजैविकाच्या गोळ्या. आठ दिवस पू थांबतो, पुन्हा सुरू. पुन्हा गोळ्या. त्या छिद्राचा एक्स-रे किंवा एमआरआय किती जणांचा निघतो? आणि आणखी एक धोका इथेच सांगायला हवा. दहा-वीस वर्षं जुनी जखम, भाजल्याचा जुना व्रण, यांच्या कडा जाड होऊ लागल्या, वर आल्या, रक्त येऊ लागलं, तर तिथे कर्करोग झालेला असू शकतो. कडेचा तुकडा तपासायला पाठवणं हे लहानसं काम आहे. ते न झाल्याने जीव जातो.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं आहे, वेल्लोरचं. १९४६ मध्ये तिथे आलेले सर्जन पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करत. बोटं झडतात ती कुष्ठरोगाने, असं तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड यांनी बारकाईने पाहिलं आणि दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. बधिर झालेल्या हातापायांना इजा होत राहते आणि माणसाला ती कळत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडत आणि रुग्णाला जाग येत नसे. घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर दिलं जाऊ लागलं. तळपायाच्या जखमांवर त्यांनी पायाला सगळीकडून घट्ट बसणारं प्लास्टर वापरलं. भार एका जागी न पडता साऱ्या पायावर वाटला जातो आणि माणूस चालत असतानाही जखम भरते. सोबत मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जिला दवाखान्यात ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात. १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेत लुइझियानामधल्या कारव्हिलला गेले आणि ही विद्या तिकडे मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरली जाऊ लागली. तळपायाच्या मधुमेही जखमेवर पायातून काढता न येणारं असं आवरण हाच आज जगभर पहिल्या पसंतीचा इलाज मानला जातो.

वेल्लोरमध्ये पक्की झालेली ही विद्या सातासमुद्रापार गेली. ती आबांच्या गावी का पोचली नाही? माजी सैनिकांसाठीच्या त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये असं प्लास्टर घालणारा हात आहे का?

पुण्याच्या श्रोत्यांपुढे हे बोलताना एक गोष्ट अभिमानाने सांगायला हवी. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये याच शहरात उभं राहिलं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून कण्याच्या दुखापतीने अपंग झालेल्या सैनिकांचं घर आहे. खडकीच्या लष्करी रुग्णालयात कण्याच्या दुखापतींवर उपचार होतात, कमांड हॉस्पिटल आहे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या शहरात हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे, तिथे लढाईत हात-पाय गमावलेल्या माणसाची देखभाल कशी असावी याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन बूड उचलतो, आरशात पाठ पाहतो, खुर्चीवर योग्य उशी असते, आणि लालसर डाग दिसला की त्याच दिवशी दाखवतो. हे शिस्तीने चालतं तिथे जखमा कमी होतात.

प्रश्न आहे तो पुण्याबाहेरचा. कृत्रिम पाय पुण्यात बसतो, पण तो वापरला जातो चिखलात, भाताच्या खाचरात, एसटीच्या पायरीवर. उरलेल्या पायाचा, म्हणजे ठुंठाचा, आकार दिवसभरात बदलतो. सकाळी घट्ट बसलेला साचा दुपारी सैल होतो, घामाने कातडी भिजते, घासते, फोड येतो. फोड आल्यावर पाय काढून ठेवावा लागतो. पाय काढला तर काम बंद. म्हणून माणूस फोडावर पट्टी लावून तोच पाय घालतो. साचा दुरुस्त करायला जायचं म्हणजे एक दिवसाचा प्रवास, राहण्याची सोय, कुणीतरी सोबत. लातूर, नांदेडकडच्या माणसाने हे वर्षातून कितीदा करावं?

आता योजनेकडे येऊ. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे आपल्या तोंडी असलेली ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक, पन्नास लाखांहून अधिक लाभार्थी. एकदा अंशदान भरलं की माणसाला आणि त्याच्या पत्नीला आयुष्यभर उपचार, यादीतल्या खासगी रुग्णालयात रोख पैसे न देता. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाखेरीज फारसा आधार नव्हता. या योजनेने लाखो कुटुंबं कर्जापासून वाचवली आहेत, आणि तिच्यावर टीका करण्याआधी हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

पण योजनेचा साचा आजारपणाच्या एका ठरावीक चित्रावर बेतलेला आहे. माणूस आजारी पडतो, पॉलिक्लिनिकमध्ये जातो, रेफरल घेतो, मोठ्या रुग्णालयात भरती होतो, शस्त्रक्रिया होते, बरा होतो, बिल जातं. हृदयाचा झटका या चित्रात बसतो. मोतीबिंदू बसतो. न भरणारी जखम बसत नाही. तिला भरती नको असते, तिला सहा महिने एकाच जाणकार नजरेची गरज असते. दर आठवड्याला मोजमाप, चप्पल बरोबर आहे का याची तपासणी, घरच्यांना शिकवणं, गरज पडताच दोन दिवसांत पुढच्या डॉक्टरकडे. याचं बिल कसं करायचं? पाय कापण्याचं बिल होतं. पाय वाचवण्यासाठी सहा महिने केलेल्या लक्षाचं बिल होत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात या योजनेतल्या औषधटंचाईवर बोट ठेवलं होतं. खासगी रुग्णालयांची देयकं थकल्याच्या तक्रारी तर वारंवार येतात. पण औषधं वेळेवर मिळाली आणि देयकं चुकती झाली तरीही ही फट उरेल, कारण ती साच्यातच आहे.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेची तुलना आपल्याशी सरसकट होऊ शकत नाही, त्यांच्याकडे पैसा वेगळा आणि माजी सैनिकांची स्वतंत्र रुग्णालयं आहेत. पण त्यांनी एक काम केलं ते पाहण्याजोगं आहे. सिएटलच्या माजी सैनिक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांचे पाय कापल्याच्या ८० घटना एकेक करून तपासल्या आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा पाय कापावा लागला तो कशाकशामुळे, इतकाच प्रश्न. ८४ टक्के वेळा पाय कापण्याच्या वाटेवर आधी जखम होती. आणि ७२ टक्के वेळा क्रम एकच होता: बारीकशी इजा, मग जखम, मग ती न भरणं. चावरा बूट, वाढलेलं नख, दगड टोचला, गरम पाण्यात पाय घातला. अशा गोष्टींनी पाय गेले. १९९३ मध्ये तिथे पाय वाचवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा गाभा अगदी साधा आहे. जोखमीच्या प्रत्येक माजी सैनिकाचे मोजे दरवर्षी उतरवायचे, पाय तपासायचे, धोक्याची पायरी नोंदवायची आणि त्या पायरीप्रमाणे पुढची भेट ठरवायची.

ही तपासणी किती अवघड? दहा ग्रॅमच्या दाबाला वाकेल असा नायलॉनचा एक धागा असतो. रुग्णाचे डोळे मिटलेले. धागा अंगठ्याला, तळव्याला टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, “आबा, कळतंय का?” उत्तर आलं नाही तर तो पाय बधिर आहे आणि आजपासून त्याची जपणूक करायची. मग घोट्याजवळ आणि पावलावर बोटं टेकवून नाडी लागते का पाहायचं. नाडी नसेल तर रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. हृदयाची अँजिओप्लास्टी आता खेडोपाडी सगळ्यांना ठाऊक आहे. पायाच्या रक्तवाहिनीचीही होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे. किती पाय रक्तवाहिनीची तपासणी न करताच कापले जात असतील? मधुमेहात गुडघ्याजवळ किंवा वर पाय कापला गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पुढच्या पाच वर्षांत दगावतात. ज्याला आपण ‘शेवटी पाय गेला, पण जीव वाचला’ म्हणतो, तो जीव अनेकदा वाचलेला नसतो.

नव्या उपचारांचं काय, असं लोक विचारतात. जखमेवर सौम्य ओढ लावून स्राव काढणारं व्हॅक्यूम यंत्र १९९० च्या दशकात आलं, ते खोल जखमांत फार उपयोगी आहे आणि ते हवंच. उच्च दाबाच्या प्राणवायूचे कक्ष नौदलाकडे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या जवानांसाठी आहेत, मुंबईत आहेत. निवडक जखमांत त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्या सरसकट फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. शिरांच्या दोषाने घोट्याजवळ होणाऱ्या जखमेला योग्य दाबाची पट्टी हा मुख्य इलाज आहे, आणि ती बांधायला शिकलेला माणूस लागतो. माजी सैनिकाला हे सगळे पर्याय खुले असावेत. पण पर्याय वाढवणं म्हणजे महागड्या यंत्रांची यादी वाढवणं नव्हे. ज्या पायावरचा भार काढलेला नाही, ज्यात रक्त पोचत नाही, ज्यात मेलेलं हाड आहे, तिथे लाखाचं ड्रेसिंगही वाया जातं. आणि संसर्ग नसलेल्या जखमेला प्रतिजैविकं देत राहणं तर अपायच करतं. खरा संसर्ग होईल त्या दिवशी औषध लागू पडत नाही.

मग मागायचं काय? प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये जखमेची जबाबदारी असलेली एक व्यक्ती. ती परिचारिका असावी, तिला रीतसर प्रशिक्षण असावं, आणि आबांची जखम तिच्या नावावर असावी. पुण्यात लष्कराची वैद्यकीय विद्या इतकी एकवटलेली आहे की, हे प्रशिक्षण इथे सहज उभं राहू शकतं. तिच्या हातात एक साधा नियम असावा: पायाची जखम मोजायची, आणि चार आठवड्यांत ती निम्मीही झाली नाही तर रुग्णाला त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं, पुन्हा तीच पट्टी बांधायची नाही. मऊ चप्पल, खुर्चीची उशी, हवेची गादी, न चिकटणारं ड्रेसिंग या गोष्टी औषधांइतक्याच हक्काने मिळाव्यात. पाय कापण्याचा निर्णय होण्याआधी रक्तवाहिनीच्या तज्ज्ञाचं मत सक्तीचं असावं. कृत्रिम अवयव केंद्राचं पथक ठरलेल्या तारखांना जिल्ह्यांत जावं. आणि दर वर्षी किती माजी सैनिकांचे पाय कापले गेले, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कारणाने, हा आकडा जाहीर व्हावा. सिएटलच्या डॉक्टरांनी आधी मोजलं, मग उपाय ठरले.

सूनबाईकडेही पाहायला हवं. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या निवृत्त सैनिकाला सोबतीला माणूस ठेवण्यासाठी सततच्या सेवेचा भत्ता मिळतो. पण ज्या घरात रोज पट्टी बदलावी लागते, कूस वळवावी लागते, तिथे ती सेवा बायको, सून, मुलगी करते. तिला कुणी शिकवत नाही. एका दुपारचं शिक्षण, न चिकटणारं ड्रेसिंग आणि फोनवर उत्तर देणारी परिचारिका एवढं दिलं तर कितीतरी जखमा तिच्याच हाताने भरतील.

आणि जे या योजनेच्या दाराबाहेर आहेत त्यांचं काय? लष्कराच्या प्रबोधिनीत, अकादमीत प्रशिक्षण घेताना कणा मोडलेले, पाय गमावलेले छात्र कितीतरी वर्षं माजी सैनिक मानले जात नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना ईसीएचएसची दारं उघडली. उशिरा झालं, पण झालं. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना मात्र ही आरोग्य योजना लागू नाही. चार वर्षांत हिमदंश होऊ शकतो, सुरुंगावर पाय पडू शकतो, गुडघा मोडू शकतो. त्या इजेची जखम विसाव्या वर्षी नाही, पन्नासाव्या वर्षी उघडते. तेव्हा तो मुलगा कुठल्या काउंटरवर जाईल? पहिल्या तुकड्या बाहेर पडण्याच्या सुमारासच हा निर्णय व्हायला हवा. सेवेत असताना झालेल्या इजेचे उपचार आयुष्यभर मोफत, एवढी एक ओळ नियमात आली तरी पुरे.

इथे बसलेल्या माजी सैनिकांना एक विनंती. आज रात्री घरी गेल्यावर मोजे काढा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्या कुणाला दाखवा. लाल डाग, फोड, भेग, काही दिसलं तर उद्या सकाळी पॉलिक्लिनिकमध्ये जा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पुढच्या मेळाव्यात पेन्शनचे प्रश्न विचारून झाले की हात वर करून हाही प्रश्न विचारा: आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये पाय तपासणारा तो नायलॉनचा धागा आहे का, आणि तो कुणाच्या हातात आहे? उत्तर लेखी मागा.